वाढ

दक्षिण इक्वाडोरात लोहा नावाचा प्रांत आहे,
लोखंडाशी त्याचा काही संबंध नाही.
तिथे कॉफीच्या उतारावर
एदेल्मिरा ओचोआ शिवणयंत्र चालवते.
पायटाला पेरूच्या लाकडाचा ठोकळा बांधलाय,
एरवी पाय पोचत नाही.
वय एकोणसाठ.
उंची एका मीटरला चार बोटं जास्त.

वर्षातून एकदा आम्ही तिचं रक्त न्यायला जातो,
सहा नळ्या, बर्फाची पेटी.
एक दंड ती आमच्यापुढे करते,
दुसऱ्या हाताने कोंबडी हुसकते.

पहिल्या वर्षी विचारलं होतं तिने,
माझ्यात काय कमी आहे?
कमी नाही, डॉक्टरीण म्हणाली, जास्तच आहे.
मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी.
तू झोपलीस की ती रक्तात निरोप सोडते.
माझ्यापेक्षा कितीतरी जास्त निरोप
तुझ्या अंगात फिरतायत,
आणि सगळ्यांत एकच शब्द:
वाढ.

यकृताच्या पेशीवर त्या शब्दासाठी
दुपाखी कवाड असतं.
निरोपाने दोन्ही फळ्या एकदम धरायच्या,
जवळ ओढायच्या,
मग आत कुजबुज सुरू,
या कानातून त्या कानात, पार माजघरापर्यंत.
तुझ्या कवाडाची घडण एका अक्षराने चुकली.
निरोप येतो, चाचपतो,
धरायला काही नाही.
ग्रंथीला वाटतं, ऐकू गेलं नसेल,
ती आणखी सोडते.

एदेल्मिराने ओठांतली टाचणी काढली.
म्हणजे वेसेन्तेच्या घरासारखं, म्हणाली.
समोरचं घर. पोरं मुर्सियाला गेली, शेतावर मजुरीला,
मग म्हाताराही गेला.
फोन आत राहिला, तार कुणी कापली नाही.
रविवारी वाजतो.
किटोत कुणी आत्या आहे म्हणे,
तिला कळवायचं राहूनच गेलं.

तिची बहीण ओब्दूलिया
चौकटीतून वाकून आत यायची.
तिची सगळी कवाडं धड होती.
आतड्यातल्या कुठल्याशा एका पेशीत
कडी आतून वाकली
आणि निरोप नसतानाही
तिला ऐकू येत राहिलं, वाढ, वाढ, वाढ.
शेवटचे चार महिने
स्टुलावर उभी राहून एदेल्मिराने तिला न्हाऊ घातलं,
पाठ एवढी मोठी, म्हणाली,
की साबण मध्येच संपायचा.

या डोंगरातल्या ठेंगण्या माणसांत
ते दुखणं जवळपास सापडत नाही.
रक्तातली साखरही शहाण्यासारखी वागते.
म्हणून तर नळ्या, म्हणून तर बर्फ.
हे सांगताना डॉक्टरीण तिच्याकडे न बघता
लेबलं लिहीत होती.
मग माझ्या बहिरेपणाचं
औषध करणार तुम्ही?
असं ती म्हणाली, आणि हसली,
आणि ते हसू कुठल्या जातीचं
हे मला आजवर कळलेलं नाही.

शाळेत बाकावर उभं करून मोजायचे तिला,
त्या खुणा खांबावर आहेत अजून,
सात वर्षांच्या, सगळ्या एका तळहातात मावतात.
हे औषधाच्या कागदावर कुठे लिहितात?

रक्त काढून झालं की ती जेवायला बसवते.
हिरव्या केळ्यांचं, चीज घातलेलं रेपे,
पिंपाएवढं पातेलं, आणि खाली फळकूट,
त्यावर ती.
माझ्या भाषेत त्याच शब्दाचा
आणखी एक अर्थ होतो
हे तिला सांगायचं दरवर्षी राहतं.
माझं स्पॅनिश तेवढं लांब जात नाही.

या वर्षी ताटली पुढे धरली
आणि मराठीतच म्हणाले,
वाढ.

तिने शब्दाकडे पाहिलं, अनोळखी.
मग ताटलीकडे.
मग डाव तळापर्यंत बुडवून
काठोकाठ भरून आणला,
थोडं माझ्या अंगठ्यावर सांडलं, चटका बसला.
आणखी? असं भुवईनेच विचारलं.

समोरच्या घरात फोन वाजायला लागला होता.
रविवार आहे हे तेव्हा लक्षात आलं.